नीट समोर बघ

रत्नागिरीत मी गेली तेवीस वर्षं लोकांचे डोळे तपासतो आहे, पण मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझ्या निम्म्या पेशंटांना ते अजून माहीत नाही, आणि सुरुवातीची बरीच वर्षं मीही ते त्यांना सांगायच्या भानगडीत पडलो नाही. डोळ्याचं ऑपरेशन करतो, थेंब लिहून देतो, तो डॉक्टर. चष्मा बनवून विकतो तो दुकानदार. या दोघांच्या मध्ये एका अंधाऱ्या खोलीत बसून ‘ही काच बरी की ती?’ असं दिवसातून दोनशे वेळा विचारणारा जो माणूस असतो, तो ऑप्टोमेट्रिस्ट. हा शब्द उच्चारायला कठीण, त्यामुळे कुणी मला ‘नंबरवाले डॉक्टर’ म्हणतं, कुणी ‘काचवाले साहेब’. दारावर पाटी मात्र पूर्ण आहे : अविनाश शिवलकर, ऑप्टोमेट्रिस्ट.

आमच्या कामात एक छोटंसं यंत्र असतं. त्यातून पेशंटच्या बाहुलीत उजेडाची पट्टी टाकायची आणि आतल्या पडद्यावरून परत येणारी लालसर झाक कशी हलते ते बघायचं. ती उजेडाच्या पट्टीबरोबर हलली तर एक नंबर, उलट दिशेने हलली तर दुसरा. पेशंटने तोंडातून एक अक्षर काढलं नाही तरी त्याचा नंबर सांगता येतो. नवीन माणसाला ही जादू वाटते. मलाही वाटायची, आणि तिथेच माझं थोडं बिघडलं.

कारण पेशंट खोटं बोलला तर मला कळायचं. आमच्या भागात बोटीवर जाणारे पुष्कळ. त्यांना नजरेचा दाखला लागतो. एकदा एक उमेदवार आला, धिप्पाड, चेहऱ्यावर घाम. अक्षरांचा तक्ता त्याने वरपासून खालपर्यंत धडाधड म्हणून दाखवला. माझ्या यंत्रात तर त्याचा नंबर चांगला जाड दिसत होता. मी उठलो, तक्ता उलटला, मागच्या बाजूचा वेगळा तक्ता पुढे आणला आणि म्हटलं, “आता परत वाचा.” त्याने पहिलाच तक्ता, एकही चूक न करता, परत म्हणून दाखवला. उलट टोकाची गिऱ्हाइकंही असत. मैत्रिणीला चष्मा लागला म्हणून आपल्यालाही हवा, अशा शाळकरी मुली यायच्या. त्यांच्यासाठी साधा उपाय होता. एक जोराची काच घालायची, तिच्यावर तिला बरोब्बर रद्द करणारी दुसरी घालायची. दोन्ही मिळून शून्य. ‘आता दिसतं?’ विचारलं की मुलगी आनंदाने शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. मग मी तिच्या आईकडे बघून हसायचो.

‘शिवलकरांपुढे सोंग चालत नाही,’ असं आमच्या हॉस्पिटलात म्हणत. मला ते फार आवडायचं.

आता थोडं मागे जातो. मी डिग्री घेऊन बाहेर पडलो तेव्हा चेन्नईच्या एका कॉलेजातून पुढच्या शिक्षणासाठी बोलावणं आलं होतं. दोन वर्षांचा एम. ऑप्टोम. तेव्हा हा अभ्यासक्रम आपल्याकडे नवीनच होता आणि जागा मोजक्या होत्या. त्याच आठवड्यात रत्नागिरीच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलातून डॉक्टरांचा निरोप आला, ‘ताबडतोब ये, स्वतंत्र खोली देतो.’ वडील म्हणाले, “तू शिकायला जा. घराचं आम्ही बघू.” आई म्हणाली, “दोन वर्षं काय, अशी जातील.” जाऊ नकोस असं मला एकाही माणसाने सांगितलं नाही. मीच गेलो नाही. वाटलं, आंबेवाल्याला नंबर हवा, मास्तरणीला नंबर हवा, खलाशाला दाखला हवा. त्यासाठी आणखी दोन वर्षं काय शिकणार? शिवाय स्वतंत्र खोली होती, आणि पहिल्याच दिवशी राजापूरच्या एका म्हाताऱ्याने मला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणून वाकून नमस्कार केला होता. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो.

अंकिता आली तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो.

देवरूखच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीतली मुलगी. आठवीत होती. बाप मुंबईत एका गोदामात कामाला, आई घरची शेती करून दोन मुलींना वाढवणारी. पहाटेची एसटी पकडून दोघी आल्या होत्या. त्या दिवशी डॉक्टरांची मोतीबिंदूची ऑपरेशनं होती आणि बाहेर बाकावर बसायला जागा नव्हती.

“डॉक्टरांनू,” आई म्हणाली, “ही म्हनते फळ्यावरचं दिसत नाय. पुस्तकातलं पन दिसत नाय म्हनते. मास्तर म्हनतात अभ्यास नको म्हनून नाटकं करते. पयली ते सातवी हिचा नंबर वरचा होता बगा.”

“घरी काय करते?”

“घरी तं सगळं दिसतं हिला. अंगणात कोंबडी शिरली तर पयली हीच उठते. मागे वाटेवर साप होता तो हिनेच बघितला. मी पाय टाकनार होते त्याच्यावर.”

हे ऐकलं आणि माझं मत निम्मं तिथेच बनलं. यंत्राने बघितलं, नंबर जवळजवळ नव्हताच. तक्ता लावला. सगळ्यात वरचं मोठं अक्षर तिने ओळखलं, त्याखालची ओळ नाही. मी माझी शून्यवाली युक्ती केली. तरी नाही. आणि मग, मी कागदावर काही लिहायला खाली बघितलं तेवढ्यात, तिने दोन ओळी आणखी वाचल्या. मी मान वर केली. ती तक्त्याकडे बघतच नव्हती. मान डावीकडे वळवून भिंतीवरच्या बटनांकडे बघत होती आणि तक्त्यावरची अक्षरं सांगत होती.

मला वाटलं, सापडली. हिने बाहेर बसून कुणाकडून तरी ऐकून पाठ केलंय.

“इकडे बघ,” मी म्हटलं. ती परत बटनांकडे वळली. मी उठलो, तिची हनुवटी धरली, मान सरळ केली आणि म्हणालो, “नीट समोर बघ. आता वाच.”

“नाय दिसत.”

“आत्ता दिसत होतं ना?”

“तेव्हा दिसत होतं.”

“मग आता काय झालं?”

मी हनुवटी सोडली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते माझ्या बोटांवरून खाली आलं, तरी मी तशीच धरून ठेवली. जसं झालं तसं लिहायचं ठरवलंय.

डॉक्टर दोन ऑपरेशनांच्या मध्ये धावत येऊन बघून गेले. आतला पडदा वरवर चांगला दिसत होता. “शिवलकर, तुझं काय म्हणणं?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “सोंग आहे सर.” त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि कागदावर सही केली. बाहेरच्या पॅसेजमध्ये आईने मुलीच्या पाठीत एक धपाटा घातला. मला तो आत ऐकू आला. मग आईचं बोलणंही ऐकू आलं, “दिवस मोडला माझा, लावणीचा दिवस मोडला तुझ्या पायी.” मी बेल वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं.

त्यानंतर चार वर्षांनी मी शिकायला गेलो. ज्ञानाची तहान लागली म्हणून गेलो असं लिहायला छान वाटलं असतं, पण खरं कारण केतकी होती. केतकी आमच्याकडे नव्याने लागलेली ऑप्टोमेट्रिस्ट, बावीस-तेवीस वर्षांची. ती अशा तपासण्या करायची ज्यांची नावंही मी ऐकली नव्हती. हळूहळू डॉक्टर अवघड पेशंट आले की तिच्या खोलीकडे पाठवायला लागले. मी हेव्यापोटी अर्ज केला. पुण्याजवळच्या एका कॉलेजात एम. ऑप्टोम.ला प्रवेश मिळाला. बायको मंजिरी म्हणाली, “चेन्नईला जायचं ते पुण्याला चाललात, एवढंच. जाऊन या.” दोन मुलं आणि घर तिच्यावर टाकून मी अडतिसाव्या वर्षी होस्टेलच्या खोलीत राहायला गेलो.

वर्गात आम्ही नऊ जण होतो. बाकीचे आठ माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मला ते आधी ‘सर’ म्हणत, मग ‘दादा’ म्हणू लागले, आणि संख्याशास्त्रात मी पहिल्याच सेमिस्टरला नापास झाल्यावर मोकळेपणाने शिकवू लागले. इंग्रजी शोधनिबंध वाचताना मला एका पानाला एक तास लागायचा. ज्या गोष्टी मी दहा-पंधरा वर्षं हाताने करत होतो त्यांच्यामागचं कारण पहिल्यांदा कळत होतं आणि ते कळताना आनंदापेक्षा शरमच जास्त वाटायची. आपण इतकी वर्षं गाडी चालवली आणि बॉनेट कधी उघडलंच नाही, असं काहीतरी.

दुसऱ्या सेमिस्टरला अल्पदृष्टी विभागात माझी नेमणूक झाली. चष्मा लावूनही ज्यांची नजर सुधारत नाही अशा लोकांसाठीचा हा विभाग. आजार बरा होत नाही, पण उरलेली नजर कशी वापरायची ते तिथे शिकवतात. विभागप्रमुख मॅडम माझ्याहून दोन वर्षांनी लहान होत्या. एक दिवस साताऱ्याकडची कॉलेजातली एक मुलगी आली. मॅडम तिच्याशी बोलत होत्या आणि ती मुलगी मॅडमच्या कानाकडे बघून उत्तरं देत होती. आमच्यातला एक जण हळूच हसला. मॅडमनी त्याच्याकडे एकदा बघितलं फक्त.

“तुला मी कुठून दिसते?” त्यांनी मुलीला विचारलं.

“तुमच्या कानाच्या थोडं बाहेर बघितलं की चेहरा दिसतो.”

“मग तिथूनच बघ. सरळ बघायचंच नाही. जिथून दिसतं तिथून बघायचं. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत.”

मग त्यांनी आम्हाला समजावलं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक बारीकसा भाग असतो. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं त्या भागाने होतं. काही मुलांमध्ये दहा-बारा वर्षांनंतर नेमका तोच भाग झिजायला लागतो. दोन्ही डोळ्यांसमोर कुणी मूठ धरावी आणि जिकडे बघू तिकडे ती मूठ सरकावी, तसं होतं. ज्याच्याकडे बघावं तेच झाकलं जातं. कडेचं मात्र सगळं स्वच्छ दिसतं. अशी मुलं अंगणातून धावत जातात, चेंडू चुकवतात, पण पुस्तक वाचू शकत नाहीत. सुरुवातीला पडदा निरोगी दिसतो, म्हणून त्यांना खोटारडं ठरवतात. “आणि त्यातली हुशार असतात,” मॅडम म्हणाल्या, “ती कुणीही न शिकवता तिरकं बघायला शिकतात.”

कोंबडी. साप. भिंतीवरची बटनं.

तास संपल्यावर सगळे गेले तेव्हा मी मॅडमना विचारलं, “अशा मुलीची हनुवटी धरून तिला समोर बघायला लावलं तर?”

“तर तेवढ्यापुरती ती आंधळी होईल,” त्या म्हणाल्या. “का हो?”

“काही नाही. सहज विचारलं.”

इथपर्यंतचं माझं अज्ञान होतं. ते वाईट, पण अज्ञान कुणाचंही असू शकतं. यापुढे मी जे केलं त्याला मी अज्ञान म्हणू शकत नाही. पुण्याहून रत्नागिरीला मी दर महिन्याला जात होतो. जुन्या कागदांत तिचा पत्ता मिळाला असता. देवरूखला जाऊन यायला एक दिवस लागला असता. मी गेलो नाही. आधी म्हटलं, सेमिस्टर संपू दे. मग म्हटलं, प्रबंधाचा विषय ठरू दे. प्रबंधासाठी मी विषय घेतला तो काय, तर अल्पदृष्टीच्या मुलांना शाळेत येणाऱ्या अडचणी! त्यासाठी मी पुणे आणि आसपासच्या चाळीस मुलांच्या घरी गेलो. त्यांच्या आयांशी बोललो, प्रश्नावल्या भरल्या. चाळीस घरांत गेलो आणि एका घरात गेलो नाही. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. त्या आईच्या समोर उभं राहून काय बोलायचं ते सुचत नव्हतं. प्रबंध टाईप करून झाला तेव्हा पावसाळा होता. परीक्षकांनी त्याचं कौतुक केलं.

पदवी घेऊन परत आलो. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “सही माझी होती, शिवलकर. पण पत्ता तू शोध.” जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात, दमट होऊन एकमेकांना चिकटलेल्या पानांत, तो कागद सापडला. दिवाळी झाल्यावर मी देवरूखची एसटी पकडली.

स्टँडवर चौकशी केली तेव्हा कळलं, की अंकिता गावच्या वाटेवरच्या एका काजूच्या कारखान्यात कामाला जाते. पत्र्याच्या लांब शेडमध्ये वीसेक बायका खाली बसून भाजलेल्या काजूगराचं साल काढत होत्या. मुकादम बाईंनी हाक मारली. ओढणीला हात पुसत एक एकोणीस वर्षांची, उंच, सडपातळ मुलगी बाहेर आली. माझ्या खांद्याच्या पलीकडे बघत उभी राहिली.

“मी रत्नागिरीहून आलोय,” मी म्हटलं.

“अजून बोला,” ती म्हणाली.

“काय बोलू?”

“काय पन. आवाज ऐकायचाय.” मग स्वतःच मान हलवली. “तुमीच ते. डोळेवाले. मी खोटं बोलत नव्हते.”

मी माफी मागायची वाक्यं जुळवून आलो होतो. “माहीत आहे मला,” एवढंच म्हणालो.

“कदीपासून?”

हा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी खोटं सांगू शकलो असतो. “दीड वर्ष होत आलं,” मी म्हणालो.

तिने बोटांनी हिशेब केल्यासारखं काहीतरी केलं. “आई श्रावनात गेली,” ती म्हणाली. “कावीळ झाली होती. शेवटपर्यंत तिला वाटत होतं मी सोंग करते. आठवी झाल्यावर शाळा सोडली मी, कारन रोज मार पडायचा. लग्नाचं बघायला आलेल्यांना पन ती सांगायची, पोर चांगली हाय पन जरा लबाड हाय.” मग म्हणाली, “तिला सांगायला हवं होतं तुमी.”

शेडमधून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. मी प्रबंध टाईप करत होतो तो हाच श्रावण. त्या वेळी मला रत्नागिरीला यायला दोन सुट्ट्याही मिळाल्या होत्या. एका सुट्टीत आम्ही घराला आतून रंग दिला.

“चला,” अंकिता म्हणाली. “आता बाबांना तरी सांगा. आई गेल्यावर ते नोकरी सोडून गावी आलेत.” आणि मुकादम बाईंना सांगून ती पायांत चपला घालू लागली.

त्या दिवशीचं पुढचं सांगण्याआधी तिचं काय झालं ते सांगतो, कारण वाचणाऱ्याच्या मनात तेच असणार. पुढच्या आठवड्यात ती रत्नागिरीला आली. नव्या यंत्रावर पडद्याचा फोटो काढला. मधला भाग झिजलेला आता सरळ दिसत होता. डॉक्टरांनी तिला समोर बसवून आजार काय आहे, काय होईल, काय होणार नाही, सगळं सांगितलं. पूर्ण आंधळी होणार नाही, हे ऐकून ती पहिल्यांदा रडली. सहा वर्षं ती एकटीच त्या भीतीत राहिली होती. मी तिला कागदावर टेकवून वापरायचं जाड भिंग दिलं आणि डोळा कुठे रोखायचा ते शिकवायला बसलो. शिकवण्यासारखं फारसं नव्हतं. ते ती तेराव्या वर्षीच शिकली होती. केतकीने तिला मोबाइलवरची अक्षरं मोठी करून घ्यायला, मजकूर ऐकायला शिकवलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून दहावीला बसली. पहिल्या वेळी गणित राहिलं, मध्ये कोरोनाची साथ आली, दुसऱ्या वेळी पास झाली. मग बारावी. आता मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते आणि सकाळी काजूच्या कारखान्यात जाते. तिला नर्स व्हायचं होतं. ते या नजरेला जमलं नसतं, मी वेळेवर ओळखलं असतं तरी. पण वेळेवर ओळखलं असतं तर वर्गात पहिला बाक मिळाला असता, मोठ्या अक्षरांची पुस्तकं मिळाली असती, परीक्षेला लेखनिक मिळाला असता. मार मिळाला नसता. हे मी स्वतःला सोडवायला सांगत नाही, हिशेब पुरा असावा म्हणून सांगतो.

तर त्या दिवशी कारखान्यातून आम्ही दोघं चालत निघालो. कातळावरची वाट होती, गवत पिवळं पडायला लागलेलं. ती पुढे, मी मागे. ती सरळ चालत होती, एकदाही ठेचकाळली नाही. मी दोनदा अडखळलो. वाडीत सात-आठ घरं असतील. तिचे वडील गणपत माईन खळ्यात पेंढा रचत होते. बारीक, वाकलेला माणूस, अंगात मुंबईचा जुना शर्ट. अंकिताने सांगितलं, “बाबा, हे रत्नागिरीचे डोळेवाले. काय म्हनतात ते ऐका.”

मी सांगितलं. जेवढ्या साध्या शब्दांत सांगता येईल तेवढ्या. मूठ धरून दाखवली. तुमची मुलगी खरं बोलत होती, चूक माझी झाली, असं म्हणालो. ते ऐकत होते. मध्ये एकदा फक्त विचारलं, “म्हंजे ती सापवाली गोष्ट, ती पन ह्याच्यातच येते?” मी म्हटलं, “हो. कडेचं तिला आपल्यासारखंच दिसतं.”

ते घरात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला वाटलं, झालं, आता निघावं. अंकिता खळ्याच्या कडेला बसून होती. मग गणपतराव बाहेर आले. त्यांनी शर्ट बदलला होता, डोक्याला टोपी घातली होती.

“चला,” ते मला म्हणाले.

“कुठे?”

“हिच्या आईसने सगळ्या वाडीला सांगितलंय, पोर लबाड हाय म्हनून. आता तुमी सांगा.”

पहिल्या घरात तिचा चुलता होता. गणपतरावांनी हाक मारली, सगळ्यांना ओटीवर गोळा केलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. “हे डोळ्यांचे मोठे डॉक्टर हायत.” मी म्हटलं, “मी डॉक्टर नाही. मी नंबर काढतो. सहा वर्षांपूर्वी मी अंकिताला तपासलं आणि ती सोंग करते असं सांगितलं. ते खोटं होतं. तिच्या डोळ्यांत खरंच दोष आहे.” चुलत्याने मान खाली घातली. चुलतीने पदर तोंडाला लावला. आम्ही पुढच्या घरी गेलो. तिथे परत तेच. तिसऱ्या घरी परत. दर वेळी मला वाटे, पुढच्या घरी सांगणं आधीच्याहून सोपं असेल. तसं झालं नाही. चौथ्या घरी एका माणसाने विचारलं, “आनि हे कळलं कसं तुमाला?” मी म्हटलं, “पुढे शिकायला गेलो होतो, तिथे कळलं.” “मग आधीच का नाय गेलात?” तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी चपला शोधू लागलो. गणपतराव पुढच्या घराकडे वळले होते.

अंकिता प्रत्येक घराच्या अंगणात उभी राहायची, आत यायची नाही. तोंड तिसरीकडेच करून. आता मला माहीत होतं, की ती तिथून ओटीवरच्या प्रत्येकाचा चेहरा बघते आहे.

शेवटचं घर चंद्राकाकूंचं. त्या तिच्या आईच्या सगळ्यात जवळच्या, लावणीला, कापणीला कायम बरोबर, शेवटच्या आजारपणातही उशाशी. कानांनी आता पार गेलेल्या. दारात सुपात कुळीथ घेऊन निवडत बसल्या होत्या. गणपतराव म्हणाले, “हिला मोठ्यानं सांगा.” मी सांगितलं. त्यांनी हात कानाला लावला. मी आणखी मोठ्याने सांगितलं. तरी नाही. शेवटी मी ओरडलो, सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, “अंकिता खोटं बोलत नव्हती! मीच चुकलो होतो!”

समोरच्या घरांतले लोक परत ओटीवर आले. चंद्राकाकूंनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, अंगणात उभ्या असलेल्या अंकिताकडे बघितलं, आणि बहिऱ्या माणसांचा असतो तशा मोठ्या आवाजात मला विचारलं,

“तिच्या आईसला सांगितलंत काय हे?”